साथरोगांचे पहारेकरी : डॉ. अलेक्झांडर लँगम्युर

१९५० साली कोरियात युद्ध पेटले आणि शत्रू रोगजंतूंचा मारा करील, या भयाने अमेरिकेला ग्रासले. नागरी संरक्षण खात्याने जैविक युद्धाविषयी पुस्तिका काढून सामान्य नागरिकांना सावध केले. या भयाला विधायक वळण दिले ते डॉ. अलेक्झांडर लँगम्युर यांनी.

१९१० साली कॅलिफोर्नियात जन्मलेले लँगम्युर हे नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ अर्विंग लँगम्युर यांचे पुतणे. हार्वर्ड, कॉर्नेल व जॉन्स हॉपकिन्स येथे शिकून १९४९ मध्ये ते अटलांटा येथील संसर्गजन्य रोग केंद्राचे मुख्य साथरोगतज्ज्ञ झाले. जंतुहल्ला कोणता आणि नैसर्गिक साथ कोणती, हे ओळखण्यास प्रत्यक्ष जागेवर जाऊन शोध घेणारे प्रशिक्षित डॉक्टरच हवेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यातून १९५१ मध्ये ‘एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस’ उभी राहिली. तळाला भोक पडलेला बूट हे तिचे बोधचिन्ह.

जंतुहल्ला झालाच नाही. मात्र १९५५ मध्ये पोलिओची लस टोचलेल्या काही बालकांना पक्षाघात झाला आणि अवघी लसीकरण मोहीम संकटात सापडली. लँगम्युर यांच्या पथकाने देशभरातील रुग्णांच्या नोंदी रोजच्या रोज गोळा केल्या. दोष मुख्यतः एकाच उत्पादकाच्या लशीत असल्याचे त्यांतून दिसले व मोहीम वाचली. पुढे याच सेवेतील डॉक्टर देवी निर्मूलनासाठी भारतातही आले.

१९७० मध्ये ते निवृत्त झाले. १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले. भारताने २०१२ मध्ये याच धर्तीवर आपल्या डॉक्टरांचे प्रशिक्षण दिल्लीत सुरू केले.