वाटसरूंना छप्पर देणारे संत गाडगेबाबा



गाडगेबाबा म्हटलं की मुलं लगेच सांगतात, झाडू आणि स्वच्छता. ते बरोबरच आहे. पण बाबांनी आणखी एक मोठं काम केलं, ते म्हणजे घरापासून दूर असलेल्या माणसाला निवारा देण्याचं. आज त्याविषयी पाहू.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. त्यांचं नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई डेबूला घेऊन माहेरी, दापुऱ्याला आली. तिथं डेबू गुरं राखायचा, शेतात राबायचा. पुढं सावकारी कर्जानं मामाच्या जमिनीवर गदा आली. म्हणजे आसरा मिळणं काय असतं आणि तो हातचा जाणं काय असतं, हे त्यांनी लहान वयातच अनुभवलं.

१९०५ साली त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्यांचा पेहराव, हातात झाडू आणि मातीचं गाडगं. त्या गाडग्यावरूनच त्यांना नाव पडलं. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन करायचं. गावोगाव पायी फिरताना त्यांना यात्रेकरूंचे हाल दिसले. गरीब वारकरी उघड्यावर झोपत. अस्पृश्य मानलेल्या माणसाला तर पंढरीत पोहोचूनही छप्पर मिळत नसे.

बाबांनी लोकांकडून वर्गणी गोळा करून पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची एक धर्मशाळा संत चोखामेळ्याच्या नावानं बांधली. १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळही त्यांच्या प्रयत्नातून धर्मशाळा झाली, कारण उपचारासाठी खेड्यातून आलेल्यांना शहरात ओळखीचं कुणीच नसे. स्वतः बाबा मात्र झाडाखाली झोपत आणि मागून आणलेली भाकरी खात.

१९२३ मध्ये त्यांचा मुलगा गोविंदा गेला. ती बातमी कळली तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनात होते. त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. त्यानंतरही तेहेतीस वर्षं ते चालतच राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ प्रवासातच त्यांचं निधन झालं.

धर्मशाळा म्हणजे कायमचं घर नव्हे. दोन रात्रींची जागा, पण तिथं अंग टेकलं, पोटात दोन घास गेले की दुसऱ्या दिवशी पुढं चालायचं बळ येतं. थकलेल्या माणसाची उमेद अशीच टिकते. त्याला उपदेशाआधी झाडलेली जागा लागते आणि कुणी हाकलणार नाही याची खात्री लागते.

आपल्या चांदीप-विरार पूर्व परिसरातही हे लागू आहे. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबं वीटभट्ट्यांवर येतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तशी त्यांची गत. त्यांची मुलं वर्षाच्या मध्येच शाळेच्या दारात उभी राहतात. दाखला सोबत नसला तरी शिक्षण हक्क कायद्यानं प्रवेश अडवता येत नाही. परत जाताना शिक्षण हमी पत्रक दिलं, तर पुढच्या शाळेत त्यांचं शिक्षण तुटत नाही. पालकांनीही आपल्या मुलांना सांगावं, नवीन मुलाला बाकावर जागा द्या, डब्यातलं वाटून खा.

मुलांसाठी उपक्रम : आपल्या गावात बाहेरून आलेला माणूस रात्री कुठं थांबू शकतो? घरी विचारा आणि पाच वाक्यं लिहून आणा.