काचघरातील प्रकाश

माणसाचा चेहरा टिपणे हे छायाचित्रणातील सर्वांत सोपे वाटणारे, पण प्रत्यक्षात अतिशय अवघड असे काम आहे. नाक, डोळे, कपाळ हे सारे कॅमेऱ्यात जसेच्या तसे उतरते; त्यामागचा माणूस मात्र उतरतोच असे नाही. तो उतरावा म्हणून प्रकाश कोणत्या बाजूने घ्यावा, किती घ्यावा आणि कोठे अडवावा, याचा ज्यांनी छायाचित्रणाच्या आरंभकाळातच ध्यास घेतला, त्यांत ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचे नाव आदराने घेतले जाते. विशेष म्हणजे ही कला त्यांनी हाती घेतली, तेव्हा त्यांनी वयाची अठ्ठेचाळीस वर्षे पूर्ण केली होती.

ज्युलिया यांचा जन्म ११ जून १८१५ रोजी कलकत्ता, म्हणजे आजच्या कोलकाता शहरात झाला. त्यांचे वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत अधिकारी होते, तर आई फ्रेंच वंशाची होती. ज्युलिया यांचे शिक्षण बव्हंशी फ्रान्समध्ये झाले. १८३६ मध्ये हवापालटासाठी त्या दक्षिण आफ्रिकेत गेल्या असताना त्यांची ओळख थोर खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांच्याशी झाली. तेथेच त्यांना चार्ल्स हे कॅमेरॉन भेटले. ते हिंदुस्थानातील कायद्यांची संहिता तयार करणाऱ्या विधी आयोगाचे सदस्य होते आणि ज्युलिया यांच्याहून वीस वर्षांनी मोठे होते. १८३८ मध्ये कलकत्त्यात दोघांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी युरोपात छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला. त्याची वार्ता हर्शेल यांनी पत्राने ज्युलिया यांना कळवली. परंतु कॅमेरा त्यांच्या हाती येण्यास आणखी दोन तपे लोटावी लागली.

१८४८ मध्ये कॅमेरॉन कुटुंब इंग्लंडला परतले. १८६० मध्ये त्यांनी आइल ऑफ वाइट या बेटावरील फ्रेशवॉटर गावात घर घेतले. कवी टेनिसन त्यांचे शेजारी होते. डिसेंबर १८६३ मध्ये ज्युलिया यांची विवाहित कन्या व जावई यांनी त्यांना एक कॅमेरा भेट दिला. पती कॉफीच्या मळ्यांच्या कामासाठी सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले होते. एकटेपणात आईचे मन रमावे, एवढाच त्या भेटीमागचा हेतू होता. ज्युलिया यांनी मात्र त्या भेटीलाच आपले जीवनकार्य मानले. घरातील कोळशाची कोठी त्यांची काळोखी खोली झाली. कोंबड्यांसाठी असलेल्या काचेच्या खुराड्यातून कोंबड्यांना बाहेर काढण्यात आले आणि त्याचे छायाचित्रे घेण्याचे काचघर झाले.

त्या काळी छायाचित्र काढणे म्हणजे केवळ कळ दाबणे नव्हते. काचेच्या मोठ्या पट्टीवर कलोडियन नावाचे चिकट द्रव्य सारखे पसरावे लागे. ती पट्टी चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून ओली असतानाच कॅमेऱ्यात ठेवावी लागे आणि सुकण्यापूर्वीच काळोखात तिच्यावर पुढील प्रक्रिया करावी लागे. धुळीचा एक कण बसला किंवा बोटाचा स्पर्श झाला, तरी सारे श्रम वाया जात. या द्रावणांनी हात व कपडे काळे पडत. ज्युलिया यांना शिकवणारे जवळ कोणी नव्हते. आपले पहिले चित्र त्यांनी नकळत काचेच्या ओल्या बाजूवरून हात फिरवून स्वतःच पुसून टाकले. तरीही त्या नाउमेद झाल्या नाहीत. जानेवारी १८६४ मध्ये ॲनी फिलपॉट या लहान मुलीचे चित्र त्यांच्या मनासारखे उतरले. हे आपले पहिले यश, अशी नोंद त्यांनी त्या चित्राखाली केली. आनंदाच्या भरात त्या त्या मुलीसाठी भेटवस्तू शोधत घरभर फिरल्या.

त्या काळातील व्यावसायिक छायाचित्रकारांची एक ठरावीक पद्धत होती. काचेच्या छतातून चोहीकडे सारखा पसरलेला उजेड घ्यायचा, मागे रंगवलेला पडदा किंवा खांब उभा करायचा, बसणाऱ्याचे डोके मागून लोखंडी आधाराने स्थिर करायचे आणि त्याला नखशिखांत टिपायचे. अशा चित्रांत कपडे व खुर्ची जितकी स्पष्ट दिसे, तितकाच चेहराही दिसे. त्याहून अधिक काही नाही. ज्युलिया यांनी ही पद्धत स्वीकारली नाही. पडदे लावून त्या काचघरातील बराचसा उजेड अडवीत आणि एका बाजूने किंवा वरून येणारा प्रकाश तेवढा राहू देत. मागे साधे काळे कापड असे. बसणाऱ्याच्या अंगावर गडद वस्त्र लपेटलेले असे. कॅमेरा इतका जवळ नेत की चेहऱ्यानेच चौकट भरून जाई. एका बाजूने आलेल्या प्रकाशामुळे गालाचा उंचवटा, कपाळावरच्या रेषा आणि डोळ्यांची खोली यांना उठाव येई, आणि उरलेला भाग सावलीत विरून जाई. प्रकाश जितका महत्त्वाचा, तितकीच सावलीही महत्त्वाची, हे त्यांनी प्रयोगांतून ओळखले होते.

प्रकाश कमी घेतल्याची किंमतही मोजावी लागे. बसणाऱ्याला तीन ते सात मिनिटे निश्चल राहावे लागे. एवढ्या वेळात श्वासाबरोबर चेहरा किंचित हले व चित्रातील रेषा मऊ होत. त्यातच भिंग जुळवताना प्रतिमा आपल्या दृष्टीला सुंदर वाटली की ज्युलिया तेथेच थांबत; ती आणखी रेखीव करण्याच्या मागे लागत नसत. प्रारंभी हे योगायोगाने घडले, पुढे मात्र त्यांनी ते जाणीवपूर्वक केले. छायाचित्रणाच्या नियतकालिकांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. चित्रे अस्पष्ट आहेत, काचेवर डाग, ओरखडे व बोटांचे ठसे आहेत, असे त्यांत म्हटले जाई. यातील सर्वच टीका अन्यायाची नव्हती. डाग व ओरखडे खरोखरच होते. परंतु तंत्रातील उणीव आणि कलावंताची निवड यांतील भेद टीकाकारांनी ओळखला नाही. डाग ही उणीव होती. मृदू रेषा व गडद सावली ही निवड होती.

या निवडीचे सामर्थ्य १८६७ मध्ये घेतलेल्या हर्शेल यांच्या छायाचित्रात दिसते. त्यासाठी ज्युलिया आपला अवजड सरंजाम घेऊन त्यांच्या घरी गेल्या. हर्शेल तेव्हा पंचाहत्तर वर्षांचे होते. ज्युलिया यांनी त्यांना केस धुवायला लावले, म्हणजे ते पिंजल्यासारखे मोकळे होतील आणि त्यांवर प्रकाश खेळेल. अंगावर काळे वस्त्र लपेटले. काळोखातून उजळून आलेला तो वृद्ध चेहरा आणि त्याभोवतीचे शुभ्र केस पाहताना, आयुष्यभर आकाशाचा वेध घेणाऱ्या मनाची जाणीव होते. टेनिसन, कार्लाइल आणि १८६८ च्या उन्हाळ्यात फ्रेशवॉटरला राहायला आलेले चार्ल्स डार्विन यांची त्यांनी घेतलेली चित्रेही अशीच चिरस्मरणीय ठरली.

ज्युलिया यांचा कॅमेरा केवळ नामवंतांसाठी नव्हता. घरातील मोलकरणी, शेजारची मुले, आप्तेष्ट या सर्वांना त्यांनी त्याच आस्थेने टिपले. मेरी रायन ही भीक मागणारी मुलगी त्यांनी आपल्या घरी सांभाळली होती. लंडनच्या प्रदर्शनात तिची छायाचित्रे पाहून हेन्री कॉटन हा तरुण मोहित झाला आणि १८६७ मध्ये दोघांचा विवाह झाला, असे सांगतात. हेच सर हेन्री कॉटन पुढे १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले.

ज्युलिया यांनी गल्ल्यावर बसून धंदा केला नाही; पण आपल्या कामाकडे त्यांनी हौस म्हणूनही पाहिले नाही. शेकडो चित्रांच्या स्वामित्वहक्कांची त्यांनी रीतसर नोंदणी केली, लंडनमधील एका प्रतिष्ठित चित्रविक्रेत्यामार्फत ती विक्रीस ठेवली आणि देशोदेशीच्या प्रदर्शनांत पाठवली. १८६५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने त्यांची चित्रे विकत घेतली आणि १८६८ मध्ये काम करण्यासाठी त्यांना तेथे दोन खोल्या दिल्या. तेच आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय होय. तरीही मिळकतीपेक्षा खर्च जास्त होता. तिकडे सिलोनमधील मळ्यांचे उत्पन्नही घटत चालले होते.

अखेर १८७५ मध्ये हे दांपत्य सिलोनला राहावयास गेले. तेथे ज्युलिया यांनी स्थानिक स्त्री-पुरुषांची थोडी छायाचित्रे घेतली. २६ जानेवारी १८७९ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांची छायाचित्रकार म्हणून कारकीर्द अवघ्या पंधरा वर्षांची. त्यातही बहुतेक काम पहिल्या बारा वर्षांतील.

आज काही क्षणांत शेकडो रेखीव छायाचित्रे काढता येतात. तरीही चेहऱ्याचे छायाचित्र घेणारा जाणकार अजूनही प्रथम खिडकी शोधतो, माणसाला तिच्या बाजूला बसवतो, मागचा पसारा दूर करतो आणि थोडा वेळ थांबतो. एका जुन्या खुराड्यात, काळ्या पडलेल्या हातांनी, ज्युलिया कॅमेरॉन नेमके हेच करीत होत्या.