दृष्टिपटलाचे कोडे उलगडणारे काहाल

मज्जासंस्थेच्या आधुनिक अभ्यासाचे जनक मानले जाणारे सांतियागो रामोन ई काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी स्पेनमधील पेतिया दे आरागोन या खेड्यात झाला. चित्रकार होण्याची त्यांची इच्छा शल्यचिकित्सक असलेल्या वडिलांना मान्य नव्हती. उनाड मुलाला वळण लागावे म्हणून वडिलांनी त्याला काही काळ न्हाव्याकडे आणि चांभाराकडे उमेदवारीस ठेवले. पुढे वडिलांकडूनच शरीररचनाशास्त्राचे धडे घेताना, हाडांची चित्रे काढता काढता त्यांना या विषयाची गोडी लागली. १८७३ मध्ये सारागोसा येथून त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली. लष्करी डॉक्टर म्हणून ते क्यूबात गेले. तेथे मलेरियाने जर्जर होऊन १८७५ मध्ये मायदेशी परतले.

मज्जासंस्था हे परस्परांत मिसळलेल्या तंतूंचे अखंड जाळे आहे, असे त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञ मानत. इटलीचे कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षारांनी मोजक्याच चेतापेशी काळ्या रंगवण्याची पद्धत शोधली होती. काहाल यांनी १८८७ मध्ये ती माद्रिद येथे पाहिली आणि तीत सुधारणा केल्या. प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असून ती शेजारच्या पेशीला केवळ भिडते, हा निष्कर्ष त्यांनी १८८८ मध्ये स्वखर्चाने सुरू केलेल्या नियतकालिकातून मांडला. स्पॅनिश भाषेतील हे लेखन युरोपात फारसे कोणी वाचत नव्हते. म्हणून १८८९ मध्ये ते स्वतःच्या खर्चाने बर्लिनच्या परिषदेस गेले आणि ज्येष्ठ शास्त्रज्ञ आल्बर्ट फॉन कोलिकर यांना त्यांनी आपले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. कोलिकर यांचे मतपरिवर्तन झाले.

या सिद्धांताला दृष्टिपटलाने मोठा आधार दिला. तेथे पेशींचे थर स्पष्ट असतात आणि संदेशाचा आरंभ कोठून होतो, हेही निश्चित असते. प्रकाशसंवेदी पेशींकडून द्विध्रुवी पेशींकडे, त्यांच्याकडून गुच्छिका पेशींकडे आणि तेथून नेत्रचेतेद्वारे मेंदूकडे, असा मार्ग काहाल यांनी दाखवला. संदेश पेशीत एकाच दिशेने वाहतो, असे अनुमान त्यांनी या रचनेवरून काढले. पृष्ठवंशीय प्राण्यांच्या दृष्टिपटलावरील त्यांचा प्रबंध १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. लांब अक्षतंतू नसलेल्या काही पेशींना त्यांनी ‘अमाक्राइन’ हे नाव दिले. या पेशी मात्र त्यांच्या दिशेच्या नियमात सहज बसत नव्हत्या.

१९०६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक गोल्जी आणि काहाल यांना विभागून देण्यात आले. त्या प्रसंगीच्या व्याख्यानातही गोल्जी यांनी अखंड जाळ्याचाच पुरस्कार केला. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे काहाल यांचे निधन झाले. दोन चेतापेशींमधील सूक्ष्म फट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने १९५० च्या दशकात दाखवली, तेव्हा या वादावर जवळपास पडदा पडला.

दृष्टिपटल केवळ संदेश पोहोचवत नाही, तर त्यावर संस्कारही करते, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. मानवी डोळ्यातील सुमारे १२ कोटींहून अधिक प्रकाशसंवेदी पेशींची माहिती केवळ १० लाखांच्या आसपास गुच्छिका पेशींमार्फत मेंदूकडे जाते. आडव्या पेशी शेजारच्या संदेशांना आवर घालून प्रकाश आणि छाया यांमधील सीमारेषा ठळक करतात. अमाक्राइन पेशी हालचाल आणि तिची दिशा ओळखण्यास साहाय्य करतात.

काहाल यांच्या संग्रहाचा समावेश २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत करण्यात आला. वडिलांनी नाकारलेली चित्रकला अशा रीतीने विज्ञानाचा ठेवा ठरली.