अंगणात शाळा मांडणाऱ्या ताराबाई

माझे वडील ग्वाल्हेरच्या दरबारचे गवयी. संस्थान विलीन झाले तेव्हा ते जेमतेम पंचविशीचे होते, आणि मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. त्यामुळे दरबार मी पाहिला नाही, पण दरबारची शिस्त मात्र पुरेपूर भोगली. पहाटे तंबोरा लागला की पाच वर्षांच्या मला मांडी घालून षड्ज लावावा लागे. मान हलली, डोळा लवला, की वडिलांची नजर पुरेशी असे. सहा महिने निव्वळ ‘सा’. त्याबद्दल माझी तक्रार नाही. गळ्यात आज जे थोडेबहुत टिकले आहे ते त्या पहाटांचेच देणे आहे. परंतु पुढे मी स्वतः संगीताचा मास्तर झालो, नोकरीसाठी बालाघाटला आलो, आणि हीच शिदोरी लहान मुलांपुढे सोडून बसलो. तिथे माझे जे चुकले, त्यामुळेच मी ताराबाई मोडकांच्या चरित्राकडे वळलो.

बालाघाट हे आपल्या ग्वाल्हेरसारखे संस्थान नव्हे. जुन्या मध्यप्रांतातला तो एक जिल्हा. गाव वैनगंगेच्या काठी, खाली गोंदियाचा शेजार, वर बैहरकडे साल-सागाची जंगले आणि गोंड-बैगांची वस्ती, जवळच भरवेलीची मँगनीजची खाण. माझ्या वर्गात घरी मराठी बोलणारी, हिंदी बोलणारी, पोवारी बोलणारी आणि क्वचित गोंडी बोलणारीही मुले असत. त्यांत साडेपाच वर्षांचा एक मुलगा होता. आवाज मोठा, उत्साह त्याहून मोठा, आणि सूर मात्र पेटीवरच्या कुठल्याच पट्टीशी जुळणारा नाही. संमेलन जवळ आले. सगळ्यांच्या सुरावर याचा एकट्याचा सूर स्वार होतो असे पाहून मी त्याला बाजूला घेतले आणि फक्त ओठ हलवायला सांगितले. त्याने आज्ञा तंतोतंत पाळली. समूहगीत उत्तम झाले, टाळ्या पडल्या, माझेही कौतुक झाले. तो मुलगा त्यानंतर माझ्या वर्गात कधी गायला नाही. मी म्हण म्हटले तरी तो ओठच हलवी. वर्ष संपताच त्याच्या वडिलांची बदली झाली आणि तो गेला.

हे मनात घोळत असतानाच ताराबाईंचे चरित्र हाती आले. नाव अर्थातच ठाऊक होते. पण थोर माणसांची नावे आपल्याला ठाऊक असतात तेवढेच.

ताराबाई पूर्वाश्रमीच्या केळकर. जन्म मुंबईचा, १९ एप्रिल १८९२चा. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थनासमाजातले, त्यामुळे मुलीने शिकावे की नाही हा वाद त्या घरात नव्हता. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळात पदवीधर स्त्री बोटांवर मोजण्याइतकी. अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झाले; पण तो संसार टिकला नाही आणि १९२१ साली त्या कायदेशीरपणे विभक्त झाल्या. पदरी लहान मुलगी. आज हे वाक्य आपण सहज वाचून पुढे जातो. शंभर वर्षांपूर्वी त्याची किंमत काय मोजावी लागली असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

पुढे राजकोटच्या बार्टन स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या त्या प्राचार्य झाल्या. मान होता, पगार होता, स्वास्थ्य होते. पण तिथून जवळच, भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत, गिजुभाई बधेका नावाच्या गृहस्थांनी १९२० साली बालमंदिर काढले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विवंचनेत माँटेसरीबाईंचे ग्रंथ वाचले आणि वकिलीला रामराम ठोकून मुलांत जाऊन बसले. सौराष्ट्रातले लोक त्यांना मिशीवाली आई म्हणत. ताराबाईंनी १९२३ साली प्राचार्यपद सोडले आणि त्या या बालमंदिरात दाखल झाल्या. मोठ्यांना शिकवणे सोडून लहानांत जाणे ही आपल्याकडे पायरी उतरणे समजतात. आमच्या संगीताच्या धंद्यातही तेच. बड्या ख्यालाची तालीम देणारा तो उस्ताद, आणि बाळगोपाळांकडून गाणी बसवून घेणारा तो नुसता मास्तर. ताराबाईंनी ही उतरंडच मानली नाही. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, शिक्षणपत्रिकेच्या मराठी आवृत्तीची धुरा त्यांनी वाहिली, आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केला.

या बालमंदिरांतली एक गोष्ट माझ्यासारख्या गवयाच्या मुलाला फार लागली. ती म्हणजे शांततेचा खेळ. हा मूळचा माँटेसरीबाईंचा. खोलीत थोडा अंधार करायचा, मुलांनी हात-पाय न हलवता बसायचे, आणि मग काय काय ऐकू येते ते ऐकायचे. घड्याळ, दूरची गाडी, पाखरू, स्वतःचा श्वास. शेवटी बाई दाराआडून अगदी हळू आवाजात एकेकाचे नाव घेणार, आणि ज्याचे नाव येईल त्याने पावलांचा आवाज न करता तिच्याकडे जायचे. गप्प बसा असा हुकूम नाही, छडी नाही. गप्प बसण्यातच गंमत आहे. वडिलांनीही मला गप्पच बसवले होते. परंतु मी बसलो तो भीतीने, आणि कान होते ते वडिलांच्या खाकरण्याकडे. त्या मुलाला मी सूर लावायला सांगत होतो. सूर ऐकायला मात्र एकदाही बसवले नव्हते.

अर्थात ताराबाईंच्या पद्धतीने सगळेच गवई होतील असे मला म्हणायचे नाही. गळा तयार व्हायला पुढे कधीतरी ती पहाट आणि तो षड्ज लागतोच. ते मुक्त वातावरणावर भागत नाही. पण तो पुढचा भाग झाला. पाच वर्षांच्या मुलाचे आधी गाण्याशी मैत्र जुळले पाहिजे.

असो. दादरचा शिशुविहार चांगला चालला असता ताराबाईंना एक रुखरुख होती. माँटेसरीची साधने महाग, आणि शाळा बहुतेक पांढरपेशांच्या मुलांची. खेड्यातल्या मुलाचे काय? म्हणून १९४५च्या डिसेंबरात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी ठाणे जिल्ह्यात समुद्रकाठी बोर्डीला ग्राम-बाल-शिक्षा-केंद्र काढले. सोबतीला आल्या अनुताई वाघ. या अनुताई तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या, आणि जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या. पुढे या दोघींची नावे जोडीनेच घेतली जाऊ लागली.

बोर्डीला बालवाडी निघाली, पण ज्यांच्यासाठी निघाली ती दलितांची आणि आदिवासींची मुले काही येईनात. दुसरा कोणी असता तर लोकांना शिक्षणाची आस्था नाही असा शेरा मारून मोकळा झाला असता, आजही मारतात. ताराबाईंनी उलट केले. मुले येत नाहीत ना, मग आपण जाऊ. शिक्षिका वस्तीत गेल्या आणि तिथल्याच एखाद्या घरापुढच्या अंगणात शाळा मांडली. आधी अंगण झाडायचे, मग मुलांची तोंडे धुवायची, नखे काढायची, केस विंचरायचे, आणि मग खेळ, गाणी, गोष्टी. तीच ही अंगणवाडी. साधनांचा प्रश्नही तिथेच सुटला. लाकडी ठोकळे आणि रंगीत मणी विकत आणण्याऐवजी शंखशिंपले, चिंचोके, बिया, पाने, गोटे, माती. लहानमोठे लावणे, जड-हलके ओळखणे, मोजणे, वेगळे करणे. इटलीहून आलेली सारी विद्या समुद्रकाठच्या वाळूत सापडली. मुलाला शिंपला हाती घेण्यातला आनंद पुरेपूर मिळतो, आणि बाईंना वाटते तो अभ्यासही होतो.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या मुलखात गेले. ताराबाई तेव्हा पासष्टीच्या. वारल्याचे मूल शाळेत का येत नाही याचा शोध घेतला तर कारणे साधी निघाली. मोठी बहीण तान्ह्या भावाला सांभाळते, म्हणून पाळणाघर काढले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. याला विकासवाडी म्हटले. पोरगा गुरे राखायला जातो, म्हणून गुरे चरतात त्या कुरणातच शाळा नेली, ती कुरणशाळा. दर वेळी अडचण मुलाची आणि हलायचे ते शाळेने. लिहायला हे एक वाक्य. करायला ऊन, पाऊस, चिखल आणि म्हातारपण.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७५च्या २ ऑक्टोबरला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. बोर्डीच्या वस्तीत रुजलेला शब्द असा देशभर पोचला. पाट्या मात्र कितीतरी ठिकाणी नुसत्या पाट्याच राहिल्या. खिचडी शिजते, वजन होते, आणि खेळ, गाणे, गोष्ट यांना वेळ उरत नाही. ताराबाईंची खरी कमाई होती ती त्या उरलेल्या वेळात.

बालाघाटला माझ्या बिऱ्हाडामागे अशीच एक अंगणवाडी आहे. गेल्या पावसाळ्यापासून आठवड्यातून दोन दिवस मी तिथे जातो. पेटी नेत नाही. पहिले काही दिवस पुस्तकी गाणी शिकवायला गेलो तर मुले माझ्या तोंडाकडे पाहत बसली. मग एकदा एका चिमुरडीने ताटलीवर चमच्याने ठेका धरला. आजी कांडताना धरते तसा असावा. बाकीच्यांनी तो उचलला, आणि मीही टाळी देत त्यांच्या मागे गेलो. हल्ली सुरुवात अशीच होते. ताटल्या वाजतात, मग हळूच थांबतात, मग आम्ही सगळे डोळे मिटून बसतो. पन्हाळीचे पाणी, शेजारची शेळी, गोंदियाकडे जाणारी गाडी. काय ऐकले ते ज्याने त्याने आवाज काढून दाखवायचे. शेळी सगळ्यांनाच येते. गाडीची शिट्टी मात्र एकच मुलगा काढतो, आणि ती कुठल्या पट्टीत आहे हे मी अजून तपासून पाहिलेले नाही.