मथियास झदार्स्की

स्कीइंग करणाऱ्याचा जीव घेणारे हिमस्खलन बहुतेक वेळा आपोआप कोसळत नाही; ते त्याच्याच किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनाने सुटते. मथियास झदार्स्की यांच्या आयुष्यात स्की आणि हिमस्खलन यांची गाठ दोनदा पडली.

२५ फेब्रुवारी १८५६ रोजी मोरावियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, त्यांचा जन्म झाला. लहानपणीच एका डोळ्याची दृष्टी गेली. पुढे ते शिक्षक आणि चित्रकार झाले आणि ऑस्ट्रियातील लिलियनफेल्डजवळ एका डोंगरी शेतावर राहू लागले. नान्सेन यांनी १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड पार केल्याचा वृत्तांत वाचून त्यांनी नॉर्वेहून स्की मागवल्या. त्या लांबलचक होत्या. नॉर्वेच्या सौम्य उतारांवर ठीक, आल्प्समध्ये वळताच येईना. झदार्स्कींनी त्या आखूड केल्या, पाय घट्ट धरणारी धातूची पकड बनवली, वळण्याचे तंत्र बसवले आणि १८९६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. हजारो लोकांना ते शिकवले, तेही फुकट! १९ मार्च १९०५ रोजी मुकेनकोगेल डोंगरावर त्यांनी घेतलेली शर्यत ही आधुनिक स्लालमची सुरुवात मानली जाते.

उभ्या उतारावर स्की नेता येऊ लागली, इथेच मेख आहे. घसरत्या लादीचे हिमस्खलन प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होते. हिमाचा थर जमिनीलगत शून्य अंशाच्या आसपास आणि वर कडाक्याचा थंड असला, की वाफ आतल्या आत वर सरकते आणि खाली साखरेसारखे सुटे स्फटिक तयार होतात. त्यांच्यावर वाऱ्याने आणलेले हिम घट्ट लादीसारखे बसते. वरून सारे शुभ्र, भक्कम. एका माणसाच्या वजनाने खालचा थर खचतो, भेग उतारभर पळते आणि लादी निसटते.

पहिल्या महायुद्धात झदार्स्की साठीचे असताना ऑस्ट्रियाच्या सैन्याला डोंगरातले सल्लागार म्हणून गेले. फेब्रुवारी १९१६ मध्ये गाडल्या गेलेल्या सैनिकांच्या मदतीला धावताना दुसऱ्या हिमस्खलनाने त्यांनाच ओढून नेले. शरीरात सुमारे ८० ठिकाणी हाडे मोडली किंवा निखळली. ते वाचले, हे नवलच. गाडलेल्या माणसाला थंडीआधी गुदमरणे मारते. पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर काढले तर बहुतेक जण वाचतात, पुढे ही शक्यता झपाट्याने घसरते. म्हणून बचाव पथकापेक्षा सोबत्याचे फावडे मोलाचे. गुलमर्गला आखलेल्या वाटेबाहेर जाणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे.

स्वतःच बनवलेल्या साधनांच्या आधारे व्यायाम करत झदार्स्की पुन्हा स्कीवर उभे राहिले. १९२९ मध्ये त्यांचे हिमस्खलनांवरील पुस्तक आले. २० जून १९४० रोजी, ८४व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.