थोरियमचं कोडं सोडवणारा फ्रेडरिक सॉडी

मित्रांनो, समस्थानिक म्हणजे आयसोटोप हा शब्द आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केला, दोन मार्कांना लिहिला आणि विसरलो. पण या एका शब्दामागे एका माणसाची बारा वर्षांची झटापट आहे, आणि तीही मुख्यतः थोरियमशी. त्या माणसाचं नाव फ्रेडरिक सॉडी.

सॉडीचा जन्म २ सप्टेंबर १८७७ रोजी इंग्लंडमधल्या ईस्टबोर्नचा. वडील धान्याचे व्यापारी. १८९८ साली ऑक्सफर्डची रसायनशास्त्राची पदवी पहिल्या वर्गात घेतली. १९०० साली टोरोंटोला प्राध्यापकाची जागा आहे असं कळताच पठ्ठ्या थेट कॅनडात जाऊन धडकला! ती जागा काही मिळाली नाही. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी मात्र मिळाली. तिथे भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होता अर्नेस्ट रदरफर्ड. मार्च १९०१ मध्ये दोघांचा जाहीर वाद रंगला. अणूपेक्षा लहान कण असतात असं रदरफर्डचं म्हणणं, तर अणू अभंग आहे ही बाजू सॉडी हिरिरीने मांडत होता. गंमत बघा, वर्षभरातच अणू फुटतो हे सिद्ध करायची पाळी त्याच्यावरच आली.

थोरियमच्या संयुगांतून एक किरणोत्सर्गी वायू निघतो हे रदरफर्डला आढळलं होतं. तो वायू कोणता, हे सांगायला रसायनशास्त्राचा माणूस हवा होता. सॉडीने तो तापलेल्या प्लॅटिनमवरून नेला, नाना रसायनांतून नेला, वायू ढिम्म! म्हणजे तो आरगॉनच्या कुळातला निष्क्रिय वायू. मग थोरियम नायट्रेटच्या द्रावणात अमोनिया घालून थोरियमचा साका खाली बसवला, तर बरीचशी किरणोत्सर्गिता वरच्या द्रावणातच राहिली. तिथल्या पदार्थाला नाव दिलं थोरियम एक्स. नाताळच्या सुट्टीनंतर पाहतात तर थोरियम एक्सचा जोर ओसरलेला आणि साक्यातल्या थोरियमचा गेलेला जोर परत आलेला! रोज रीडिंग घेतली. थोरियम एक्स सुमारे चार दिवसांत निम्मं होत होतं, आणि त्याच गतीने थोरियमची भरपाई होत होती. अर्थ उघड होता, एका मूलद्रव्याचे अणू फुटून दुसरं मूलद्रव्य तयार होत होतं. याला सरळ मूलद्रव्यांतर म्हणावं असं सॉडीला वाटे. लोक आपल्याला किमयागार ठरवतील अशी रदरफर्डला धास्ती होती. शेवटी १९०२-०३ मध्ये जपून शब्द वापरून निबंध छापले गेले.

१९०४ साली सॉडी ग्लासगोला आला. तोवर नवी पंचाईत उभी राहिली होती. किरणोत्सर्गी पदार्थ भराभर सापडत होते, प्रत्येकाचं अर्धायुष्य वेगळं, नाव वेगळं. पण आवर्तसारणीत तेवढी घरंच रिकामी नव्हती. त्यात ऑटो हानने शोधलेलं रेडिओथोरियम एकदा थोरियमात मिसळलं की कोणत्याही युक्तीने वेगळं होईना. भलेभले हात टेकून बसले. सॉडीने विचार केला, इतक्या जणांना जमत नाही त्या अर्थी रसायनाच्या दृष्टीने हे पदार्थ एकच असले पाहिजेत. वजन वेगळं, आयुष्य वेगळं, पण घर एकच!

१९१३ साली त्याचा नियमही बसला. काझिमिर फायान्सनेही तो त्याच वर्षी स्वतंत्रपणे मांडला. अल्फा कण गेला की सारणीत दोन घरं मागे, बीटा गेला की एक घर पुढे. थोरियम-२३२ एक अल्फा टाकून दोन घरं मागे जातं, मग दोन बीटा टाकून पुन्हा आपल्याच घरी येतं, फक्त चार एककांनी हलकं होऊन. तेच ते रेडिओथोरियम, म्हणजे थोरियम-२२८. पहिल्याचं अर्धायुष्य सुमारे १४०० कोटी वर्षं, दुसऱ्याचं जेमतेम १.९ वर्षं! आयोनियम, युरेनियम एक्स-१, युरेनियम वाय, रेडिओअ‍ॅक्टिनियम हेही थोरियमच निघाले. थोरियमचे समस्थानिक असे सहा झाले. आपल्या केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत हीच साखळी आजही अखंड चालू आहे.

आयसोटोप हे नाव सुचवलं मार्गारेट टॉड या डॉक्टर बाईंनी, सॉडीच्या सासुरवाडीच्या जेवणात. ग्रीक भाषेत अर्थ ‘तीच जागा’. आपला ‘समस्थानिक’ हा शब्दही अगदी तोच अर्थ सांगतो. साखळीच्या शेवटी येणारं शिसंही मग वेगळ्या वजनाचं हवं. सॉडीने सिलोनच्या थोराइट खनिजातलं शिसं तपासलं. ते नेहमीच्या शिशापेक्षा खरोखरच जड भरलं.

रदरफर्डला १९०८ साली एकट्यालाच नोबेल मिळालं होतं. सॉडीला १९२१ सालचं मिळालं. पण तोवर त्याचं मन प्रयोगशाळेबाहेर गेलं होतं. अणूतल्या ऊर्जेबद्दल तो पहिल्या महायुद्धाच्या कितीतरी आधीपासून सांगत होता. युद्ध पाहिल्यावर विज्ञानाने दिलेली संपत्ती जाते कुठे, या प्रश्नाने त्याला पछाडलं. कर्ज चक्रवाढीने फुगतं, खरी संपत्ती मात्र झिजते, असं तो १९२६ च्या आपल्या पुस्तकात मांडत राहिला. अर्थतज्ज्ञांनी त्याला वेड्यात काढलं. १९३६ साली पत्नी विनिफ्रेड गेली आणि त्याने ऑक्सफर्डची खुर्ची सोडली. अणुबॉम्ब पडलेला त्याला पाहावा लागला. २२ सप्टेंबर १९५६ रोजी ब्रायटनला तो वारला.

तेव्हा मित्रांनो, लॅबमध्ये प्रयोग ‘येत नाही’ म्हणून शेजारच्या जर्नलमधून रीडिंग उतरवण्याआधी जरा सॉडीला आठवा. सगळ्यांचा जो प्रयोग फसत होता, त्याच्या फसण्यातच उत्तर होतं. त्याने ते वाचलं, एवढंच!