सावित्रीबाई फुले यांनी पाठीवर घेतलेला मुलगा

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला तेव्हा सावित्रीबाई ६६ वर्षांच्या होत्या. डॉक्टर मुलगा यशवंत याच्यासोबत त्यांनी हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या दलित वस्तीत एक मुलगा प्लेगने आजारी असल्याचं त्यांना कळलं. ना नात्याचा, ना गोत्याचा. तरी त्याला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखाना गाठला. मुलगा वाचला. संसर्ग झालेल्या सावित्रीबाई मात्र १० मार्चला गेल्या.

आज हडपसरवरूनच सोलापूर महामार्ग दौंड तालुक्यात जातो. नगर रस्ता शिरूरला. या रस्त्यांवर अपघात दिसला, तर? मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ संरक्षण देतं. नाव सांगायचीही सक्ती नाही. पण थांबायचं की नाही, हे कायदा बघ्यावरच सोडतो. १०८ ला फोन करायला तर कुणाला पाठीवरही घ्यावं लागत नाही.